आजीचं नाव

चि. विशाखा,

सप्रेम जय भीम.

मुलगी झाली तर तिला आजीचं नाव ठेवायचं म्हणालीस आणि तिचं कागदोपत्री नाव विचारलंस. आपण सगळे तिला मायच म्हणायचो, तुला कसं ठाऊक असणार!

तिचं नाव कचराबाई. तिच्या आधीची दोन भावंडं दगावली होती. हे लेकरू तरी जगावं म्हणून तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं. मरणानं हिच्याकडे ढुंकूनही पाहू नये, एवढाच हेतू. दगडू, धोंडी, भिका ही नावं तेव्हा घरोघरी होती. आईबापांनी ती जीव वाचवायला ठेवली, गावानं ती हिणवायला वापरली. हे सांगताना मायचा आवाज चढायचा, आणि तो राग रास्तच होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला ती विशीत होती. पांढरं लुगडं नेसून कामठीहून पायी नागपुरात आली आणि आज जिथं दीक्षाभूमी आहे, तिथं लाखोंच्या गर्दीत उभं राहून तिनं बाबासाहेबांच्या मागोमाग २२ प्रतिज्ञा म्हटल्या. मग वस्तीतली नावं पालटली. गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा. तिनं स्वतःचं बदललं नाही. म्हणायची, "माह्यं राहू दे कार्डावर. लेकरायची नावं मी ठेवीन."

तुझं नाव तिला वर्षावासात सापडलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालायचं. मायला अक्षर ओळखीचं नव्हतं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची, संध्याकाळी हात धुऊन पुढच्या रांगेत जाऊन बसायची. तंबाखूचा वास तरी बोटांना असायचाच.

एके दिवशी श्रावस्तीच्या विशाखेचं प्रकरण आलं. तिनं भगवंतांकडे आठ वर मागितले, सगळे देण्याचे. भिक्खूंना पावसाळ्यात वस्त्रं, येणाऱ्याजाणाऱ्यांना अन्न, आजाऱ्याला अन्न आणि औषध. आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही अन्न, कारण तो स्वतःच्या भिक्षेसाठी बाहेर पडला तर आजारी माणूस ताटकळत राहतो. इथं मायनं वाचणाऱ्याला थांबवलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. तिची सासू क्षयानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा घरात असेल ते सासूला भरवून माय कितीतरी रात्री उपाशी निजली होती. तू जेवलीस का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "करनाऱ्याच्या पोटाचाबी इचार केला त्या बाईनं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

त्यामुळे तू झालीस तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. तुझं जन्मनक्षत्र आम्ही कधी पाहिलंच नाही. ऑफिसात कुणी नक्षत्राचा विषय काढला, तर न अडखळता श्रावस्तीच्या त्या बाईची गोष्ट सांग, आणि मायचीही.

बाळाला कचराबाई ठेवू नकोस, पोरी. ते नाव तिच्या वाट्याला भीतीपोटी आलं होतं. तिनं स्वतः निवडलेलं नाव तुझ्याकडे आहे. बाळाचं नाव तुम्ही दोघं मिळून ठरवा, जावईबापूंच्या आईलाही विचारा. ठरलं की आधी मला फोन कर. बारसं आपल्या विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन करू, भन्तेजींना तसं सांगून ठेवलं आहे.

तुझे बाबा