संकोचापायी सही नको

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणीच्या गाडीतून जाताना झालेल्या अपघाताविषयी काल फोनवर तू म्हणालीस की विमा कंपनीचा माणूस फार सौजन्याने बोलला, आठवडाभरात धनादेश देतो म्हणाला, मानही आता बरी आहे, तेव्हा गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीला उगाच मनस्ताप नको म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करून मोकळी होते. हे तुझ्या स्वभावाला धरूनच झाले. पण नोकरीची सारी वर्षे मी त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून असे दावे निकाली काढले आहेत, म्हणून फोनवर घाईघाईत बोललो ते नीट लिहून कळवतो.

तुझ्यापुढे ठेवलेल्या कागदावर ‘संपूर्ण व अंतिम’ हे शब्द आहेत का, ते आधी पाहा. त्यांचा अर्थ असा की या अपघातापोटी, आज माहीत असलेल्या आणि आज माहीत नसलेल्याही दुखापतीसाठी, तू यापुढे कुणाकडे काहीही मागणार नाहीस. माझ्यासमोर एका गृहस्थांनी अपघाताच्या पाचव्या दिवशी अशीच सही केली होती. उजव्या मनगटाला पट्टी असल्यामुळे ती डाव्या हाताने वेडीवाकडी उमटली आणि आम्ही दोघेही हसलो. चार महिन्यांनी ते परत आले तेव्हा त्यांना बोटांत पेन धरता येत नव्हते आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. फाइल बंद झालेली होती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. त्याहून अधिक देण्याचा अधिकार मला नव्हता.

मानेच्या झटक्याचे दुखणे पुष्कळदा अपघाताच्या क्षणी जाणवत नाही, एक-दोन दिवसांनी डोके वर काढते, आणि कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणूनच इंग्लंड व वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून अशा दुखापतीच्या दाव्यात वैद्यकीय अहवाल हाती येण्यापूर्वी तडजोड करण्यास विमा कंपन्यांना व वकिलांना कायद्याने मनाई आहे. तुझ्याकडे असा नियम असो वा नसो, तू तो स्वतःपुरता पाळ. डॉक्टरांना प्रत्येक तक्रार सांग, अगदी झोप लागत नाही किंवा मुंग्या येतात हेसुद्धा, आणि ती केसपेपरवर लिहिली गेली की नाही ते वाचून पाहा. केसपेपरवर नसलेले दुखणे आमच्या टेबलावर झालेलेच नसायचे. बुडालेला पगार, औषधांची व प्रवासाची बिले तारीखवार ठेव. आणि फोनवर कुणी ‘कशा आहात’ असे विचारले की सवयीने ‘मी ठीक आहे’ म्हणू नकोस; ते संभाषण बहुधा ध्वनिमुद्रित होत असते, आणि ते तीन शब्द मी स्वतः अनेक फायलींत अधोरेखित केले आहेत.

आता मैत्रिणीविषयी. कागदावर दावा तिच्या नावाने दिसेल. पण पॉलिसी चालू असेल आणि तिच्या अटींत सहप्रवासी बसत असतील, तर पॉलिसीच्या मर्यादेपर्यंतची रक्कम मैत्रिणीच्या खिशातून जात नाही, ज्यासाठी ती हप्ता भरत आली त्या विम्यातून जाते. फार तर पुढचा हप्ता वाढेल. मात्र सहप्रवासी धरले आहेत का, हे वाचल्याशिवाय गृहीत धरू नकोस: ब्रिटनमध्ये मोटार विमा १९३० च्या कायद्याने सक्तीचा झाला, तरी गाडीतल्या प्रवाशांचा समावेश सक्तीचा व्हायला १९७० चे दशक उजाडले. दुसऱ्या गाडीचीही चूक असेल तर तिच्या विमा कंपनीकडेही दावा लागतो. मैत्रिणीशी आजच मोकळेपणाने बोल. नोटीस हातात पडल्यावर तिला कळणे अधिक वाईट.

गाडीत सीटचा सुरक्षा पट्टा लावला होतास का, हे तू सांगितले नाहीस. नसेल तर लपवू नकोस. सहप्रवाशाची चूक क्वचितच निघते, पण पट्टा हा अपवाद आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७५ साली असे ठरवले की पट्ट्याने दुखापत पूर्ण टळली असती तर भरपाईतून २५ टक्के आणि बरीच कमी झाली असती तर १५ टक्के कापावेत. रक्कम कमी होते, हक्क जात नाही.

थांब म्हणालो याचा अर्थ बसून राहा असा नाही. दावा दाखल करण्याची मुदत जागोजागी वेगळी असते. इंग्लंडमध्ये सामान्यतः तीन वर्षे, कुठे त्याहून बरीच कमी, आणि विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत एवढ्याने ती आपोआप लांबत नाही. न्यूझीलंडमध्ये तर १९७४ पासून चूक कुणाची हे न पाहता सरकारी योजनेतून भरपाई मिळते आणि दुखापतीच्या भरपाईसाठी चालकावर खटलाच भरता येत नाही. म्हणून तू राहतेस तिथल्याच वकिलाला विचार, आणि त्याचे शुल्क मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांत असेल तर ते आधी लेखी घे. शिवाय रुग्णालयाचे बिल तुझ्या आरोग्य विम्याने भरले असल्यास ती कंपनी तडजोडीतून आपला वाटा परत मागू शकते; देऊ केलेला आकडा त्यानंतर केवढा उरतो ते मोजून पाहा.

तो कागद सही न करता तसाच ठेव आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे मला पाठव. मागची बाजू विसरू नकोस, अटी बहुधा तिथेच बारीक अक्षरांत असतात.

तुझे,
बाबा