आजोबांचा मीटर

चिपळूण,
१२ डिसेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर 'बरंय गं' म्हणालास, ते मला पटलं नाही. तुझ्या खऱ्या 'बरंय'च्या मागोमाग 'आज काय केलंयस जेवायला' येतं. काल काहीच आलं नाही. ठेवता ठेवता म्हणालास, साडेतीनला दिवे लावावे लागतात, अंथरुणातून उठवत नाही, कॅमेरा महिनाभर बॅगेतच आहे, आळशी झालोय बहुतेक.

आळशी तू आधीपासूनच आहेस, पण हे ते नव्हे. तू राहतोस ते एडिंबरा ५६ अक्षांशावर. तिथे आत्ता सूर्य उगवतो पावणेनऊच्या आगेमागे आणि पावणेचारच्या आत बुडतो, तोही ढगांनी दिसू दिला तर. हिवाळ्यातल्या या उदासीला वैद्यकात रीतसर नाव मिळालं १९८४ साली. ते देणारे नॉर्मन रोझेंथाल हे डॉक्टर जोहान्सबर्गच्या उन्हातून अमेरिकेत गेले आणि थंडी आली की आपण स्वतःच मंदावतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की बघणं हे त्यांचं मुख्य काम नाहीच. बाहेर उजेड किती, एवढी खबर त्या मेंदूतल्या घड्याळाला देत राहतात. सकाळी ती खबर पोचली नाही की घड्याळ मागे पडतं. तुझं बहुधा तेच झालंय.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. आषाढात आपल्या घरात काय होतं ते आठव. आठ-आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, चादरींना कुबट वास, आणि मी तुझ्यावर उगाच खेकसायचे. बाबा म्हणायचे, आईला पाऊस लागलाय. मग एखाद्या दुपारी उघडीप मिळाली, माजघरात कवडसा पडला, की मी आपसूक गुणगुणायला लागायचे. मला स्वतःला ते कळायचंही नाही, बाबाच सांगायचे.

आजोबांना मात्र कळायचं, कारण त्यांचा धंदाच उजेडाचा. जूनमध्ये शाळेच्या फॉर्मांसाठी पासपोर्ट फोटोंची झुंबड, नेमकी तेव्हाच लाइट गेलेली आणि बाहेर अंधारून आलेलं. ते पोराला स्टुलासकट उचलून दाराशी आणत, चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला मी पांढरा पुठ्ठा धरून उभी. शटर दाबण्याआधी ते गळ्यातला उजेड मोजायचा मीटर पोराच्या गालाशी नेत. सेलेनियमचा मीटर तो, त्याला सेल लागत नाही. उजेड पडला की उजेडाच्याच जोरावर काटा हलतो. डोळ्यावर विसंबू नको, डोळा अंधाराला सरावतो, काटा सरावत नाही, असं ते म्हणत.

तो मीटर मी तुला पाठवतेय. शेजारच्या काकूंचा भाचा २० तारखेला निघतोय, त्याच्याकडे दिलाय. (सोबत कुळीथ पीठ आणि आमसुलं आहेत, ती त्याच्याकडून घ्यायला विसरू नकोस.) आला की आधी तुझ्या टेबलापाशी धर. काटा जेमतेम हलेल. मग तसाच बाहेर जा, ढग असले तरी, आणि पुन्हा बघ. भर दुपारी पाच-सहा स्टॉपांचा फरक सहज निघेल. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, तेव्हा हे झालं बत्तीस ते चौसष्ट पट, आणि तुला खोलीत बसून वाटत असतं की बाहेरही असाच अंधार आहे. या उदासीसाठी डॉक्टर जो दिवा सुचवतात तो १०,००० लक्सचा असतो, सकाळी अर्धा तास समोर ठेवायचा. घेतलास तर घे, पण डॉक्टरांना विचारून. आणि पंधरा दिवसांत जड वाटणं कमी झालं नाही तर मला लपवून न ठेवता त्यांना दाखव.

तुला कॅमेऱ्याचं वेड लागलं तो दिवस मला आठवतो. २०२१ च्या जुलैचा पूर ओसरला, चिखल काढून काढून सगळ्यांचे चेहरे सारखेच झाले होते, आणि मग एका सकाळी कडक ऊन पडलं. अख्ख्या बाजारपेठेने जे उरलं ते रस्त्यावर मांडलं. गाद्या, पाठ्यपुस्तकं, देवांच्या तसबिरी. समोरच्या दुकानातली खतावणी दोरीवर पान-पान करून वाळत घातलेली, शाई पसरून निळी झालेली, आणि त्या पानांमधून ऊन आरपार येत होतं. तू फावडं टाकून मोबाइल काढलास. बाबा चिडले. मी तुझा चेहरा बघितला आणि त्यांना म्हटलं, असू दे.

आता तू ज्या गावात आहेस तिथलं सांगते. कॅल्टन हिलच्या उतारावर रॉक हाउस नावाचं घर आहे. १८४३ पासून चारेक वर्षं हिल आणि ॲडमसन या दोघांनी तिथे फोटो काढले. कॅलोटाइप म्हणजे कागदावर फोटो घ्यायची तेव्हाची पद्धत, त्या कागदाला इतका उजेड लागे, की माणसं बाहेर अंगणात बसवायची, टेबल-पडदे मांडून खोलीचा देखावा करायचा आणि उन्हात हलू नका म्हणायचं. स्कॉटलंडच्या आभाळाखाली, बघ! तिथून ते न्यूहेवनच्या कोळीवाड्यात जाऊन मासेवाल्या बायकांचे फोटो काढत. मी ते पाहिलेत. पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, जवळ वेताच्या टोपल्या, एकमेकींना रेलून उभ्या. हर्णैच्या बंदरावर लिलावानंतर टेकलेल्या बायका तशाच दिसतात.

आणि एक गोष्ट तुझ्या फायद्याची. २१ डिसेंबरला भर दुपारी तुझ्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेदहा अंश वर असेल. इथे त्याच दिवशी भर दुपारी ४९. वैशाखात तर इथे सावली पायाखाली जाते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आजोबा बारा ते तीन आउटडोअर घ्यायचेच नाहीत. तिरप्या उन्हासाठी आम्ही पहाटे उठायचो. तुला ते अकरा वाजताही मिळतं, दुपारी एकलाही. ढग फाटले तर.

तेव्हा रविवारी नाश्ता करून बसने न्यूहेवनला जा. मीटर अजून आलेला नसेल, कॅमेऱ्यातला वापर. मला एकच फोटो पाठव, पण व्हॉट्सॲपवर दाबून नको, पूर्ण फाइल. आणि खाली लिही शटर किती ठेवलं होतंस.

तुझी,
आई