माजी सैनिकांच्या औषधांचा भार पुन्हा त्यांच्याच खिशावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेसाठी, म्हणजे आम्ही सगळे जिला 'ईसीएचएस' म्हणतो त्या योजनेसाठी, संरक्षण अंदाजपत्रकात २०२३-२४ साली सुमारे ५,४३१ कोटी रुपये होते. २०२४-२५ मध्ये ते ६,९६८ कोटी झाले आणि २०२५-२६ साठी ८,३१७ कोटींची तरतूद करण्यात आली. ही वाढ स्वागतार्हच आहे. मात्र पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे या योजनेच्या दवाखान्याच्या, औषधखिडकीपाशी उभ्या असलेल्या पेन्शनराला तिचा प्रत्यय का येत नाही, याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

ही योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात जागा आणि औषधे उपलब्ध असतील तरच उपचार मिळत, आणि खेड्यात राहणाऱ्याला ते रुग्णालय गाठणेच अवघड असे. आज देशभरात ३० प्रादेशिक केंद्रे, चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आणि साठ लाखांहून अधिक लाभार्थी असलेली ही व्यवस्था उभी आहे. तिचे मोल आम्ही जाणतो. पण ती फुकट मिळालेली नाही, हेही लक्षात घ्यावे. निवृत्त होताना एकरकमी अंशदान भरावे लागते. २०१७ अखेरच्या आदेशानुसार हवालदार पदापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७ हजार आणि अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये. १९९६ पूर्वीचे निवृत्त आणि युद्धविधवा यांना त्यातून सूट आहे. या पैशाच्या बदल्यात जवानाला आणि त्याच्या पत्नीला हयातभर उपचार व औषधे मिळतील, असे आश्वासन दिलेले असते.

रुग्णालयातील उपचारांबाबत हे आश्वासन बऱ्याच अंशी पाळले जाते. गाडी अडते ती रोजच्या गोळ्यांपाशी. पॉलिक्लिनिकने मागणी नोंदवायची, ती संलग्न लष्करी रुग्णालयाच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत पुढे जायची आणि सशस्त्र दलांच्या औषध भांडारातून माल यायचा, असा हा मार्ग आहे. एखाद्या औषधाचा दरकरार, म्हणजे ठरलेल्या दराने खरेदीचा करार, संपला किंवा पुरवठादाराने माल पाठवायला उशीर केला, की त्याचा परिणाम थेट तालुक्यातील म्हाताऱ्यापर्यंत पोहोचतो. अशा वेळी चिठ्ठीवर त्या औषधापुढे 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही', असा शेरा पडतो. नियमाप्रमाणे मग स्थानिक अधिकृत केमिस्टकडून ते मागवून द्यायचे असते आणि तेही जमले नाही तर लाभार्थ्याने बाजारातून घेऊन बिलाची प्रतिपूर्ती मागायची असते. कागदावर या तरतुदीत खोट काढता येणार नाही.

आमच्या भागातील अनुभव असा, की आर्थिक वर्षाच्या अखेरीस केमिस्टची बिले थकतात आणि तो हात आखडता घेतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, रक्तदाबावरील टेल्मिसार्टन यांसारख्या स्वस्त गोळ्या सहसा मिळतात. इन्सुलिनचे पेन, दम्याचे इनहेलर, हृदयशस्त्रक्रियेनंतरची काही औषधे, म्हणजे जी घेताना खिसा खरोखर रिकामा होतो नेमकी तीच, 'एनए'च्या रकान्यात जातात. प्रतिपूर्तीसाठी मूळ चिठ्ठी, 'एनए'चा शेरा, बिल आणि अर्ज जोडावा लागतो. एका बिलावर केमिस्टने बॅच क्रमांक लिहिला नव्हता, एवढ्याच कारणावरून एका माजी हवालदाराचा अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. बिल नऊशे काही रुपयांचे होते. दुरुस्तीसाठी पुन्हा एसटीने जाऊन येण्याचा खर्च आणि मोडलेला दिवस विचारात घेऊन त्यांनी तो नाद सोडला. असे सोडून दिलेले अर्ज कोणत्याही आकडेवारीत दिसत नाहीत, आणि खात्याच्या लेखी मात्र सगळ्यांची प्रतिपूर्ती झालेली असते.

आणखी एक अडचण सांगतो, जी वरिष्ठ कार्यालयांत बसून सहसा लक्षात येत नाही. संलग्न रुग्णालयातील तज्ज्ञ एका कंपनीच्या नावाने औषध लिहून देतात, पॉलिक्लिनिक त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी देते आणि पुढच्या पुरवठ्यात तिसऱ्याच कंपनीची येते. औषध तेच असल्याने यात गैर काही नाही आणि जेनेरिक औषधांना माझा विरोधही नाही. मात्र अक्षरओळख नसलेल्या वीरपत्नी गोळी ओळखतात ती रंगावरून आणि आकारावरून. सकाळची पांढरी गोळी अचानक गुलाबी झाली, की त्या एक तर दोन्ही घेतात किंवा दोन्ही बंद करतात. पाकिटावर मराठीत 'सकाळी जेवणाआधी, रक्तदाबासाठी' एवढे लिहिलेले कागदी लेबल चिकटवायला कोणताही दरकरार लागत नाही.

औषधटंचाई ही काही नवी तक्रार नव्हे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या या योजनेवरील २०१५ च्या ५१ क्रमांकाच्या अहवालातही पॉलिक्लिनिकमध्ये औषधे उपलब्ध नसण्याची दखल घेतलेली आहे. त्यानंतर तरतूद वाढली, पण त्यातील मोठा वाटा खासगी संलग्न रुग्णालयांच्या उपचारबिलांकडे जातो. हा खर्च अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न इतकाच, की मधुमेहाचे इन्सुलिन वेळेवर न मिळालेला रुग्ण काही वर्षांनी डायलिसिसवर येतो आणि मग तेच बिल योजना मुकाट्याने भरते. खिडकीवर वाचवलेले पैसे रुग्णालयात अनेक पटींनी मोजावे लागत असतील, तर याला काटकसर कशी म्हणायची, हे वित्त विभागातील मंडळींनीच सांगावे.

सेवेत असलेल्या जवानांच्या कुटुंबांचाही विचार व्हायला हवा. त्यांचा मुख्य आधार लष्करी रुग्णालय. नवरा सीमेवर, बायको आणि म्हातारे आईवडील गावी, आणि रुग्णालय गाठायचे तर पुणे किंवा बेळगाव. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला एवढा प्रवास कोणीही करत नाही. गावच्या मेडिकलमधून रोखीने औषध घेतले जाते आणि तो खर्च कोणीही मागत नाही, कारण मागायचा कसा हेच ठाऊक नसते. दुसरीकडे, २००३ पूर्वी निवृत्त होऊन या योजनेत न आलेल्या पेन्शनरांना महिन्याला १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. ही रक्कम नियमित इन्सुलिन घेणाऱ्याला अनेकदा महिनाभरही पुरत नाही. २०१७ पासून ती तशीच आहे.

संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाकडे मागणे अवाजवी नाही. प्रत्येक पॉलिक्लिनिककडे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि दम्याच्या नोंदणीकृत रुग्णांची यादी असते, त्यामुळे पुढच्या तिमाहीत किती इन्सुलिन लागणार हे आधीच सांगता येते. मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून न काढता या यादीवरून काढावी. गेल्या वर्षी औषध आलेच नसेल तर खपही कमीच दिसणार, आणि त्या खपावर आधारलेली मागणी पुन्हा तोकडीच पडणार. सत्तरी ओलांडलेल्यांना स्थिर आजारांची औषधे एकदम तीन महिन्यांची द्यावीत. केमिस्टच्या बिलांसाठी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचा निधी आधीच बाजूला काढून ठेवावा. दोन हजार रुपयांपर्यंतची प्रतिपूर्ती पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या पातळीवरच मंजूर व्हावी आणि किरकोळ त्रुटीसाठी अर्ज परत न पाठवता फोनवरून विचारणा करून ती दूर करावी. प्रत्येक पॉलिक्लिनिकने कोणती औषधे 'एनए' आहेत याची यादी दर सोमवारी दारावर आणि संकेतस्थळावर लावावी, म्हणजे लांबच्या गावाहून येणाऱ्याचा हेलपाटा तरी वाचेल.

पश्चिम महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदारांच्या मतदारसंघांत घरटी एक सैनिक देणारी गावे आहेत आणि प्रचारसभांत त्यांचा उल्लेख आवर्जून होतो. यांपैकी एखाद्या खासदाराने येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न विचारून महाराष्ट्रातील पॉलिक्लिनिकनिहाय 'एनए' नोंदींची आणि प्रलंबित प्रतिपूर्तीची वर्षभराची आकडेवारी मागवावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. ती आकडेवारी सभागृहाच्या पटलावर आली, तर खिडकीवरच्या टंचाईचा हिशोब लेखी स्वरूपात मांडला जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार, पश्चिम महाराष्ट्र