नंदे, एक शिफारस अडली आहे

प्रिय नंदे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, आणि तिसरं येणार नाही हे मला ठाऊक होतं. तू रुसलीस की गप्प बसतेस. सात महिने झाले. कॅम्पेनच्या गडबडीत राहिलं हे खरं असलं तरी चूक माझीच. तब्येत ठीक आहे, गुडघा मधूनमधून धरतो, बाकी काही नाही.

कादंबरी छापायचे पैसे जमले गं! 127 टक्के. आकडा तू पाहिला असशीलच. पण मधे जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या त्या साइटवर, ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही, तर हाती काहीच येत नाही. कुणाच्या कार्डावरून पैसे कापलेच जात नाहीत. मी 30 दिवस ठेवले होते. पहिल्या दोन दिवसांत ओळखीपाळखीचे येऊन गेले आणि मग शुकशुकाट. एकोणिसाव्या दिवशी 58 टक्के. रात्री तीनला उठून आकडा बघायचे, तो जिथल्या तिथे.

विसाव्या दिवशी सकाळी फोन उघडला तर ‘नवा बॅकर’, म्हणजे नवा पैसे देणारा, अशा 31 मेल. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. नावं बघितली, एकही ओळखीचं नाही. मग कळलं, ‘तिने’ तिच्या वाचकांना पाठवलेल्या अपडेटमध्ये माझ्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. हो, तीच, आपल्या शिबिरातली, शेवटच्या बाकावरची. मी तिला काही मागितलं नव्हतं. दोन दिवसांत 94 माणसं आली. नंदे, मी ओट्याला टेकून रडले.

आता तिच्या कादंबरीचं कॅम्पेन चालू आहे. तिने मला अख्खी फाइल पाठवली आणि लिहिलं, ‘जमलं तर तुझ्या लोकांना सांग.’ एवढंच. उपकाराची आठवणसुद्धा करून दिली नाही.

मी दोन रात्रींत वाचली. पहिली शंभर पानं इतकी सुरेख आहेत की हेवा वाटला. आई दिवसभर घरात एकटी असते आणि प्रत्येक खोलीत वेगळ्या आवाजात बोलते, ते तर अंगावर आलं. आणि मग एक भाऊ मरतो. तोवर त्याने पुस्तकात एक वाक्यही उच्चारलेलं नाही, तो जेवताना, भांडताना, झोपलेला कुठेही दिसलेला नाही. नायिकेने रडावं म्हणून त्याला मारलाय. तिथून पुढचं सगळं त्या रडण्यावर उभं, आणि मला एकदाही रडू आलं नाही.

तुला आठवलंच असेल. मी तुला प्रस्तावना मागितली होती आणि तू नाही म्हणालीस. ‘मधली साठ पानं तुला स्वतःलाही आवडत नाहीत, तरी ठेवली आहेस.’ मी ते पत्र फाडलं होतं, दीड वर्ष तुझ्याशी बोलले नाही, सरांच्या घरी तू आलीस तर मागच्या दाराने निघून गेले. मग एका रात्री ती साठ पानं काढून टाकली. लोकांनी आता पैसे दिलेत ते त्याच कादंबरीला, नंदे, साठ पानं कमी असलेल्या. हे मी तुला कधी धड सांगितलं नव्हतं. आज सांगते.

म्हणून तुलाच विचारतेय. माझ्या 412 माणसांनी न छापलेल्या पुस्तकाला पैसे दिले, माझ्या शब्दावर. त्यांना ‘घ्याच’ म्हटलं तर निम्मे घेतीलही. पण तिने तरी माझं कुठे पुरतं वाचलं होतं? कॅम्पेनच्या पानावर ठेवलेली तीन प्रकरणं, तेवढीच. ती सगळं वाचायला थांबली असती, तर माझी मुदत टळून गेली असती. मग मीच एवढी काटेकोर का व्हायचं?

तो अमेरिकन फँटसी लेखक, ब्रँडन सँडरसन, त्याचं आठवतं? 2022 च्या मार्चमध्ये त्याच्या चार कादंबऱ्यांना चार कोटी डॉलरच्या वर जमले, आणि त्याने तेव्हा किकस्टार्टरवर चालू असलेल्या प्रकाशनाच्या झाडून सगळ्या कॅम्पेनना स्वतः पैसे दिले, तीनशेहून जास्त. सगळी वाचून थोडेच दिले असतील! दुसऱ्याच्या धडपडीला हात द्यायला ती वाचावी लागत नाही. ते मीही केलं, पहिल्याच दिवशी. पण ‘वाचा’ म्हणणं वेगळं. तिथे मी पैसे नाही, माझं वाचन देते.

काल अपडेट लिहून ठेवला. त्यात फक्त पहिली शंभर पानं आणि आईचे आवाज आहेत, प्रत्येक शब्द मनापासून. भावाबद्दल अवाक्षर नाही. हे खोटं होतं का गं?

आणि दुसरं, जास्त छळणारं: तिचं पुस्तक अजून छापलेलं नाही. भाऊ पहिल्या शंभर पानांत आणता येईल, दोन प्रसंगांत काम होईल. आत्ता सांगितलं तर उपयोग आहे, छापून आल्यावर सांगणं नुसतं दुखवणं. पण ती आज 46 टक्क्यांवर आहे, रात्री तीनला उठत असणार. अशा माणसाला हे कसं सांगायचं? तू मला ते पत्र लिहिलंस तेव्हा टाकायला किती दिवस लावलेस? की लगेच टाकलंस? मी हे कधी विचारलंच नाही.

तुझी बदली झाली हे ताईकडून कळलं. घर लागलं का? पिंटीचा निकाल कळव. दादांना नमस्कार, त्यांचं मोतीबिंदूचं नीट झालं ना?

कादंबरी 336 पानांत, म्हणजे छपाईच्या सोळा-सोळा पानांच्या बरोबर 21 फर्म्यांत बसत होती. मदत करणाऱ्यांची नावं दोन पानांत मावली नाहीत, चार झाली, आता फर्मा वाढतोय. अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखक डॉ. जॉन्सनने शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी वर्गणी गोळा केली आणि यादी न छापण्याची दोन कारणं सांगितली, नावं हरवली आणि पैसे संपले. माझी नावं शाबूत आहेत. तू दोनदा पैसे भरलेस, एकदा तुझ्या नावाने आणि एकदा मांजरीच्या, दोन्ही छापतेय.

तिची मुदत नऊ दिवसांत संपते. त्याआधी लिही, फोन नको, फोनवर मी तुझ्याशी भांडेन.

तुझी,
सुमी