तट्टूला घोड्याची मात्रा देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घोडा लंगडू लागला की फिनाइलब्युटाझोन या वेदना-सूज कमी करणाऱ्या औषधाची पुडी दाण्यात मिसळायची, उतार पडला नाही तर संध्याकाळी आणखी एक, आणि तरीही नाहीच तर जोडीला त्याच गटातल्या फ्लुनिक्सिनचे इंजेक्शन, असे अनेक तबेल्यांत सर्रास चालते. त्याची सर्वात मोठी किंमत तट्टे मोजतात.

पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल सुटते. कॉक्स नावाचे विकर (एन्झाइम) त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवते आणि त्यामुळे सूज, ऊब, ठणका वाढतो. ही औषधे ते विकर अडवतात. पण जठराचे आणि आतड्याचे अस्तर राखायला, मूत्रपिंडात रक्त खेळते ठेवायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागते. अस्तराची राखण मुख्यतः कॉक्स-१ करते, सुजेच्या जागी मुख्यतः कॉक्स-२ वाढते. फिनाइलब्युटाझोन आणि फ्लुनिक्सिन दोन्हींना अडवतात. याच गटातल्या फिरोकोक्सिबचा रोख कॉक्स-२ वर असल्याने ते पोटाला सौम्य पडते, पण मूत्रपिंडाला कॉक्स-२ चीही गरज असते, त्यामुळे तेही बिनधोक नाही.

रक्तातून औषध उतरले म्हणजे परिणाम संपला, हा समज चुकीचा आहे. ही औषधे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेली असतात. सुजलेल्या जागी केशवाहिन्यांतून अल्ब्युमिन झिरपते, त्याबरोबर औषधही तिथे साचते आणि रक्तात फारसे उरले नसतानाही काम करत राहते. ठरल्या मात्रेवर जास्तीची पुडी दिल्याने आराम फारसा वाढत नाही, इजा मात्र वाढते. दोन औषधे एकत्र देण्याचेही तेच. एक बदलून दुसरे सुरू करायचे असेल, तर मध्ये किती अंतर ठेवायचे ते पशुवैद्यकाला विचारा.

आता मात्रा. फिनाइलब्युटाझोन साधारणपणे पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे ४.४ मिलिग्रॅम दोन वेळा, मग २.२ मिलिग्रॅम दोन वेळा, आणि लवकरात लवकर दिवसाआड किंवा बंद, असे दिले जाते. ४५० किलोच्या घोड्याला २.२ च्या हिशेबाने एका वेळी साधारण १ ग्रॅम लागते. तीच पुडी २४६ किलोच्या तट्टूला दिली तर किलोमागे ४ मिलिग्रॅमहून जास्त होते, आणि दिवसातून दोनदा दिली तर ८ च्या वर. त्यातून तट्टांना या औषधाची बाधा मुळातच लवकर होते. म्हणून वजन डोळ्यांनी ठरवू नका. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत वजन. घेर १५० आणि लांबी १३० असेल, तर २४६ किलो. (हे सूत्र मोठ्या जनावरासाठी आहे, शिंगरासाठी नाही.)

बाधा कशी ओळखायची? मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात व्रण पडतात, तिथून प्रथिने गळतात आणि रक्तातले अल्ब्युमिन घसरते. जनावर दाणा अर्धवट सोडते, लीद पातळ होते, पोट अधूनमधून दुखते, ओठांच्या आत किंवा जिभेवर फोड दिसतात. पोटाखाली मऊ सूज येते. बोटाने दाबली की खळगा राहतो. नेमकी इथेच घात होतो, कारण ही सूज पाहून मालक औषध वाढवतो. तेव्हा औषध थांबवून रक्तातली प्रथिने तपासून घ्यायची असतात. आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल जठराला आधार देते, या आतड्याला नाही.

पाणी कमी प्यायलेल्या किंवा घामाने निथळलेल्या जनावराला आधी पाणी पाजा. कोरड्या पडलेल्या शरीरात पहिला मार मूत्रपिंडाला बसतो. फिनाइलब्युटाझोनचे इंजेक्शन शिरेबाहेर गेले तर मांस सडून झडते. फ्लुनिक्सिन स्नायूत टोचले तर क्वचित क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंचा प्राणघातक संसर्ग होतो. ही कामे घरच्या घरी करायची नव्हेत.

पोटशूळात तर जास्तच जपायला हवे. फ्लुनिक्सिनने वेदना दबते, पण पिळलेले आतडे सुटत नाही. घोडा शांत दिसला तरी नाडी मोजत राहा. विश्रांतीत ती मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ६० च्या वर टिकली, किंवा काही तासांत वेदना परतली, तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी लगेच करा. औषध आधीच दिले असेल तर नाव, मात्रा आणि वेळ लिहून येणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्या. रागावतील म्हणून लपवू नका. तपासणीचा अर्थ त्यांना त्यावरूनच लावायचा असतो.

आपला,
एक अश्ववैद्यक