चिमे, हे पुस्तक वाच

प्रिय चिमे,

पुण्याच्या पत्त्यावर एक कुरिअर येईल, उघडलंस की लगेच वाचायला घे. त्याच्याशी तुटल्यापासून तू एकही पुस्तक धड पूर्ण केलं नाहीस म्हणून मुद्दाम हे निवडलंय, चेटकिणींचं आहे, लव्ह स्टोरी आहे, नाक मुरडू नकोस.

‘द एक्स हेक्स’, एरिन स्टर्लिंगचं, २०२१ मध्ये आलं. जॉर्जियातलं ग्रेव्ह्ज ग्लेन नावाचं काल्पनिक छोटंसं गाव. व्हिव्ही चेटकीण, तिचा ऱ्हीस वेल्सचा, तोही जादूवाल्याच घराण्यातला. ब्रेकअप होतं आणि मग ती नि तिची मावसबहीण ग्विन व्होडका घेऊन, रडकी गाणी लावून, साध्या सुगंधी मेणबत्तीवर त्याला शाप देतात. शाप तरी काय, तर त्याचे केस कधी नीट बसू नयेत! अगं मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून आपण तुझ्यावाल्याला जे जे बोललो ना, अगदी तसंच.

नऊ वर्षांनी तो परत येतो, गावाखालच्या जादूच्या रेषांना ताकद द्यायला, तेव्हा कळतं शाप खरंच लागलाय आणि मग तो शाप त्या रेषांतही उतरतो. चावीची खेळणी जिवावर उठतात, भूत चवताळतं, ग्विनचा बोका बोलायला लागतो आणि मागतो काय तर खाऊ. वाशी लोकलमध्ये मी एवढी हसले की समोरच्या काकूंना सगळी स्टोरी सांगावी लागली, घणसोलीला उतरायचं सोडून त्या ऐकत बसल्या होत्या.

पण मला भिडलं ते वेगळंच. आपल्याकडे चेटकीण म्हटलं की गोष्टीतली वाकड्या नाकाची म्हातारी, नाहीतर सातपुड्यात कुठेतरी बाईला डाकीण ठरवून मारल्याची बातमी, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा येऊनही. तिकडे अमेरिकेत सालेमला १६९२ मध्ये चेटूक करतात म्हणून १९ जणांना फासावर चढवलं. आणि या पुस्तकात मावशी आणि ग्विन गावात मस्त दुकान चालवतायत, व्हिव्हीसकट तिघी एकमेकींची खेचतायत, एकीला रडू आलं की दुसरी शेजारी येऊन बसते, जादू म्हणजे त्यांच्या घरात रोजचा वरणभात. असं घर वाचून मला फार बरं वाटलं गं, तुलाही वाटावं एवढंच.

ऱ्हीसही मला पटला. शापाचं कळल्यावर चिडतो पण सूड उगवत बसत नाही, दोघं मिळून निस्तरतात. गाव वसवणाऱ्या त्याच्या पूर्वजाची एक भानगड आहे, कष्ट कुणाचे आणि नाव कुणाचं, तिथे तुझा संताप होणार, फोडत नाही. शेवट मात्र घाईत उरकलाय. आणि थोडे चावट सीन आहेत, ऑफिसच्या बसमध्ये काढू नकोस.

पुढचा भाग ग्विनचा, ‘द किस कर्स’, २०२२ चा. तो मी कुरिअर करणार नाही, न्यायला तू ठाण्याला ये, आई सारखी विचारते चिमी कधी येणार. आणि व्होडकाच्या सीनपर्यंत पोचलीस की रात्री कितीही वाजले तरी फोन कर, मी जागीच असते.

तुझीच,
माऊ