किल्लीच्या भोकाबद्दल

कोथरूड, पुणे
रविवार सकाळ

प्रिय दिन्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र वाचायच्या आधी एक काम कर. शाळेच्या ग्रुपवर काल तू गुहागरला काकूंच्या दाराला बसवलेल्या नव्या कुलपाचा फोटो टाकलायस, तो काढून टाक. कुलूप देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शेजारी तळहातावर दोन किल्ल्या अशा मांडल्यास की फोटो मोठा केला की त्यांच्या खाचा मोजता येतात. मी मोजल्या. एकीवर कोरलेला नंबरही वाचता आला, आणि माझ्या चष्म्याचा नंबर काय आहे ते तुला माहीत आहे. ग्रुपवरचे सगळे आपलेच, पण त्यांच्या फोनमधून फोटो कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संगणकतज्ज्ञांनी गच्चीवरून, जवळजवळ २०० फुटांवरून, खाली टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचा फोटो काढला आणि त्यावरून खाचांची मापं काढून दाखवली. तेव्हाचे कॅमेरे आठव, आणि आता तुझ्या खिशातला बघ.

तू म्हणशील, किल्ल्या काय, नावापुरत्या आहेत, कुलूप तर बोटाच्या ठशावर चालतं. नेमकं याच वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच 'कळलं रे' म्हणून विषय बदलला असतास.

माझ्याकडे मे महिन्यात काय झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे. बेळगावला भाचीचं लग्न होतं, बारा दिवस घर बंद. परत आलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. कुलपाला बोट लावलं, काही नाही. नंबर दाबले, काही नाही. बॅटऱ्या गेल्या असतील म्हणून खालच्या टाइप-सीला पॉवर बँक लावली. दिवे लागले, आतली मोटर कुरकुरली आणि पुन्हा शांतता. सर्किट कामातून गेलं होतं. तरी मी निवांत होतो, कारण एक किल्ली मेहुण्याकडे कर्वेनगरला ठेवली होती. तो बिचारा झोपेतून उठून आला. किल्ली भोकात अर्धी गेली आणि अडली. मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा दिसलं, भोकावरचं झाकण एका बाजूनं वाकलंय आणि कडेला बारीक ओरखडे आहेत.

लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन आम्ही तिघं पहाटेपर्यंत जिन्यात बसलो. सकाळी कोपऱ्यावरचा किल्लीवाला आला, त्यानं भोकात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, कुणीतरी पट्टी घालून फिरवायला बघितलंय. मोडलीय, तुकडा आत आहे." म्हणजे आम्ही नसताना कुणीतरी दारापाशी निवांत बसून गेलं होतं, आणि आमचं नशीब की त्याची पट्टी कच्ची निघाली. तुकडा निघेना, मग ड्रिल लावावं लागलं. १८ हजारांचं कुलूप. मी घड्याळ बघत होतो. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आतलं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, इतक्या मऊ धातूचं होतं की भुसा खडूसारखा पडत होता. माझे १८ हजार रुपये काचेच्या त्या चमकत्या पट्टीवर गेले होते. भोकावर कंपनीनं शे-दोनशे तरी खर्चले असतील का, शंकाच आहे.

आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी की नवं कुलूप दिसावं म्हणून मी बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर काढून टाकला होता. मीनानं तेव्हाच नको म्हटलं होतं. ती गेल्या काही महिन्यांत हे वाक्य किती वेळा बोलली असेल, याचा हिशेब मी ठेवत नाही.

तर त्यानंतर मी या भोकामागे लागलो. त्या किल्लीवाल्याकडे दोन-तीन संध्याकाळी जाऊन बसलो, त्यानं जुनं सिलिंडर कापून आतलं दाखवलं. आत पाच-सहा उभ्या पिना असतात, प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वर एक स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि मधला गोल भाग फिरतो. लायनस येल नावाच्या अमेरिकनानं १८६० च्या दशकात ही रचना आज दिसते त्या रूपात आणली आणि आजही जगभरच्या दारांत तीच बसते. तिची खोड एकच. यंत्रावर कितीही नेमकं काम केलं तरी पिनांची भोकं अगदी एका ओळीत पडत नाहीत, केसभर फरक राहतो. त्या फरकामुळे जाणत्या हाताला एकेक पीन वेगळी चाचपता येते. म्हणून चांगल्या सिलिंडरात काही पिना मधे बारीक, डमरूच्या आकाराच्या घालतात. चाचपणाऱ्याला वाटतं पीन बसली, आणि ती तिथेच अडकून बसते. किल्लीवाल्यानं डमरूची पीन माझ्या हातावर ठेवली तेव्हा मला ती इतकी आवडली की मी मागून घेतली. आता देवघरात आहे.

दुकानात तुला 'कॉम्प्युटर की' आहे असं सांगतील, म्हणजे खाचांऐवजी खड्डे पाडलेली किल्ली. ती दिसते भारी, पण किल्लीच्या तोंडावर जाऊ नकोस. आत किती पिना, त्यात डमरूच्या आहेत का, आणि ड्रिल अडवायला पुढच्या बाजूला कठीण पोलादाच्या पिना किंवा छर्रे बसवलेत का, हे विचार. दुकानदाराला सांगता आलं नाही तर सिलिंडर स्वतंत्र बदलता येतं का एवढं तरी विचार. येत असेल तर त्या कुलपाचा स्क्रीन ठेवायचा आणि पोट बदलायचं. मी आता तेच केलंय.

दुसरी गोष्ट नुसती बघायची नाही, स्केलनं मोजायची. सिलिंडर बाहेरच्या तबकडीच्या किती पुढे आलंय ते मोज. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आलं असेल तर पान्ह्यात पकडून मोडता येतं, कारण असल्या सिलिंडराला मधोमध स्क्रूचं भोक असतं आणि ते तिथेच तुटतं. इंग्लंडात या मोडतोडीनं इतका उच्छाद मांडला की तिथे मुद्दाम पुढचा तुकडा आधी तुटेल आणि मागचा शाबूत राहील अशी सिलिंडरं निघाली. तुझ्या फोटोत मला तो उंचवटा जरा जास्तच वाटला, पण किल्ल्यांनी झाकलाय. (बघ, एवढाच त्या फोटोचा फायदा: मला काळजी करायला जागा मिळाली.)

आता एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. बोट लावून दार उघडलं की मोबाइल वाजतो, नोंद होते. माझ्या कुलपात किल्लीनं उघडलं तर नोंदच होत नाही, कारण किल्ली थेट आतला खटका फिरवते, सर्किटला पत्ताच नसतो. म्हणजे ज्या वाटेनं चोर येणार तिथेच आपला पहारेकरी झोपलेला. तुझ्या मॉडेलमध्ये किल्लीचीही नोंद होते का ते आज तपासून बघ: आत बस आणि काकूंना बाहेरून किल्लीनं उघडायला सांग.

नोंद होत नसेल तर साधा उपाय आहे. इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, तेव्हा सरकारनं बक्षीस लावलं आणि १८१८ साली जेरेमाया चब यानं असं कुलूप केलं की कुणी चुकीच्या हत्यारानं चाळवलं की ते आतून अडून बसायचं. मालकानं स्वतःची किल्ली घातली की फिरायची नाही, आणि त्यालाच कळायचं की कुणीतरी येऊन गेलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात हॉब्ज नावाच्या अमेरिकनानं तेही २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा नावाच्या दुसऱ्या कारागिराच्या कुलपानं मात्र त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास राबवलं. उघडलं गेलं तरी चबची मूळ कल्पना मला पटते. मी भोकावरच्या झाकणाच्या सांध्यावर मीनाच्या चमकीच्या नेलपॉलिशचा एक थेंब टाकतो आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. झाकण हललं की थेंब तडकतो, आणि चमकीचे ठिपके पुन्हा तसेच जुळवणं कुणाला जमत नाही. गावाला जाताना तेवढं करून निघायचं.

तुझ्याकडे, म्हणजे काकूंच्या घरी गुहागरला, खरा शत्रू चोर असेलच असं नाही. पहिला शत्रू कुंभारीण माशी. आपल्या पडवीच्या कोपऱ्यात चिखलाची घरं करायची ती आठवते? बाहेरच्या दाराचं भोक तिला आयतं मिळतं. घर दोन महिने बंद राहिलं तर तू किल्ली घालशील आणि वाळलेला चिखल आत सरकेल. म्हणून झाकण घट्ट बसणारं हवं, सरकतं असलं तर उत्तम, रबराचं बूच नको. ते काकूच एखाद्या दिवशी काढतील आणि हरवतील. पोरांनी फेविक्विक ओतणं हा शहरी उद्योग आहे, त्यावर ॲसिटोन चालतं, पण ते कुलपाच्या प्लॅस्टिकलाही खातं, तेव्हा कापसावर थेंबभरच घ्यायचं आणि तेही दुसरा मार्ग नसेल तेव्हा.

दुसरा शत्रू काकू स्वतः. रागावू नकोस. काकू कुठल्याही गंजलेल्या, कुरकुरणाऱ्या वस्तूला खोबरेल तेल घालतात हे आपण दोघांनीही लहानपणापासून पाहिलंय. बिजागरीला ठीक. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. पौषातल्या पहाटे पिना त्यात लोण्यातल्यासारख्या रुतून बसतील आणि वर धूळ चिकटेल. सहा महिन्यांतून एकदा पेन्सिलचं शिसं किल्लीच्या खाचांवर घासायचं आणि किल्ली दोन-चारदा घालून काढायची. पूड फुंकायची मात्र नाही. शिसं वीज वाहून नेतं आणि शेजारीच सर्किट आहे.

किल्ल्या कुठे ठेवणार हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे कपाटात ठेवल्यास. घराच्या आतल्या कपाटात! सगळेच ठेवतात. ज्या दिवशी किल्ली लागेल त्या दिवशी तू बाहेर असशील रे. तुळशीच्या कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीवर, या तीन जागा चोरांना आपल्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत. एक किल्ली तुझ्याकडे मुलुंडला आणि एक गुहागरातच, पण वाडीतल्या दुसऱ्या घरी. तुझ्या मावशीकडे दे. आणि कुलूप बसवायला आलेल्या माणसानं किल्ल्यांचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं का? काही सिलिंडरांबरोबर कारागिरासाठी वेगळी किल्ली येते, आणि मालकाची किल्ली एकदा फिरवली की ती बाद होते. तसं असेल तर मालकाची किल्ली आजच फिरव.

तू विचारशील, भोकच नको असेल तर? मलाही वाटलं होतं. शनिशिंगणापूरला यूको बँकेनं २०११ मध्ये 'बिनकुलपाची' शाखा काढली. गावात दारांना कुलूप लावत नाहीत म्हणून काचेचा दरवाजा, पण त्याला सहज दिसणार नाही असं दुरून चालणारं विद्युतचुंबकी कुलूप होतंच. भोक नाही, म्हणजे त्यात कुणी पट्टी घालायचा प्रश्न नाही. पण असलं चुंबक वीज असेपर्यंतच धरून राहतं, आणि गुहागरला जुलैत लाइट किती वेळ असतो ते मी तुला सांगायला नको. बँकेकडे बॅकअप असतो, काकूंकडे मेणबत्ती. भोक राहू दे.

बॅटऱ्या साध्या अल्कलाइनच घाल, चार्जिंगच्या नको, त्यांचं व्होल्टेज मुळातच कमी असतं आणि कुलूप उगाच ओरडत बसतं. घर महिनाभर बंद राहणार असेल तर निघताना नव्या घाल, गळक्या जुन्या ठेवू नकोस. आणि जाळीचा दरवाजा? तो काढू नकोस. कितीही जुना दिसला तरी काढू नकोस. भोकापर्यंत हात पोचलाच नाही तर बाकीचं सगळं सोपं होतं. मी माझा परत बसवून घेतला, रंग देऊन. भंगारवाल्याला देऊन टाकला असता तर नवा करावा लागला असता, पण मीनानं तो गच्चीवर लपवून ठेवला होता.

पुढच्या शनिवारी चिपळूणला काम आहे, तिथून गुहागरला येईन. स्क्रूड्रायव्हर आणि स्केल घेऊन येतो. काकूंना सांग, माझ्यासाठी फक्त घावणे, बाकी काही नको. आणि जुन्या दाराची ती पितळी कडी काढून टाकू नका, ती मला बघायची आहे.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता ग्रुप पाहिला. फोटो अजून तिथेच आहे, आणि सावंतनं खाली विचारलंय, "किल्ली कुठल्या कंपनीची रे?"